म्युनिकची सतरंजी आणि फोंड्यातला मे महिना

म्युनिकमध्ये उन्हाळी पिकनिकची तयारी म्हणजे आधी उन्हाची वाट बघणं. रविवारी ऊन पडणार असं दिसलं की शनिवारी रात्री आठच्या आत दुकान गाठायचं, कारण जर्मनीच्या या बव्हेरिया राज्यात रविवारी दुकानं बंद. बटाट्याचं सॅलड, पाव, चीज आणि खालून मेणकापडासारखं अस्तर असलेली सतरंजी. तिथलं गवत भर जूनमध्येही ओल सोडत नाही. इसार नदीच्या काठी अख्खं शहर उन्हात पसरलेलं असतं आणि झाडाखालची जागा रिकामी. रात्री नऊलाही उजेड, त्यामुळे घाई कुणालाच नाही.

हा सगळा अनुभव गाठीशी घेऊन मी मे महिन्यात गोव्यात फोंड्याला आले आणि घरच्या सहा जणांच्या पिकनिकची सूत्रं हाती घेतली. ती सतरंजीही बॅगेत कोंबून आणली होती. मोबाइलवर यादी केली. आईने ती बघितली आणि एवढंच विचारलं, "निघायचं किती वाजता?"

"दहा."

"दहाला आपण परत यायला निघू."

अगदी तसं झालं नाही, पण सहाला घर सोडायचं ठरलं. दर्यावर जायची माझी सूचना मिनिटभरही टिकली नाही. सकाळी नऊनंतर रेतीवर पाय ठेववत नाही, आणि सावली म्हणाल तर शॅकवाल्याची, पैसे मोजून. बोंडला अभयारण्य म्हणावं तर आमचा दिवस गुरुवार, आणि गुरुवारी बोंडला बंद. शेवटी तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या पाषाणाचं. भोवती रान, शेजारी ओहळ. मे महिन्यात पाणी घोट्याएवढंच, पण झाडी दाट.

काकांचा हट्ट वेगळाच होता. हुराकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासूनच्या दारूचा, मोसम संपत आला होता, एक बाटली बरोबर हवीच. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये बिअर तिथली घ्यायची आणि जेवण घरून न्यायचं, ही १८१२ च्या राजाज्ञेपासूनची रीत मी सांगितली, तेव्हा बव्हेरियाबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं. पण गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला आणि रांधण्याला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. तेव्हा हुराक घरी राहिला आणि त्याच कायद्याने माझी कोळशाची शेगडीही.

खरी गंमत डब्यांची. गोव्याच्या स्वयंपाकघरात नारळाशिवाय काही बनवा म्हटलं की काकींचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण ओलं खोबरं या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतं, त्यामुळे पिकनिकच्या दिवशी नारळाला सुट्टी. माझ्या सॅलडलाही आईने कांद्यापायी बाद केलं. निघाल्या त्या तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, मिस्कूट म्हणजे कैरीचं लोणचं, आणि दहीभात. दहीभात म्हणजे खरं तर दूधभातच! मऊ, गार भातात दूध आणि विरजणापुरतं चमचाभर दही. तो वाटेत आंबत नाही आणि जेवायच्या वेळी ताजा असतो. घरूनच दही कालवलं तर नुसता आंबट लगदा. पुऱ्या-भाजी परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात, कारण कोंडलेल्या वाफेनेच अन्न आधी खराब होतं. मानकुराद आंबे अख्खे, धुऊन, सुरी वेगळी. कोकमाचं आगळ काचेच्या बाटलीत, सरबत तिथे गेल्यावर करायचं.

पाणी मात्र मी सांभाळलं. आदल्या रात्री सहा बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या. काठोकाठ भरल्या तर बर्फ फुगून बाटली तडकते. त्याच बाटल्यांनी थंड पिशवीतला दहीभात गार ठेवला आणि वितळतील तशा आम्ही प्यायलो. तरीही काकींनी वाटेतल्या उसगावच्या तिस्कापर्यंत चार वेळा विचारलं, "उदक घेतलें मगो?"

घेतलं होतं. चुकलं दुसरीकडेच. म्युनिकची आठवण म्हणून मी एका दुकानातून क्रीमचा केक घेतला होता आणि थंड पिशवीत जागा नाही म्हणून गाडीच्या डिकीत ठेवला होता. गाडी उन्हात. साडेदहाला खोका उघडला तेव्हा आत खीर होती. भाच्याने ती पुरीला लावून खाल्ली आणि बरी लागते म्हणाला, तेवढीच इज्जत वाचली. एक पुरी माकडाने त्याच्या हातातून नेली, ती केकासकट.

आणि ती सतरंजी. ओल वर येऊ नये म्हणून केलेलं अस्तर घामही खाली जाऊ देत नाही. पाच मिनिटांत सगळे उठून काकींच्या जुन्या चटईवर जाऊन बसले. सतरंजीवर मी एकटी, हट्टाने. बाराला आम्ही गाडीत होतो.

परत येताना ती फोंड्यालाच ठेवली. काल आईने फोटो पाठवलाय: गच्चीत सतरंजी उलटी अंथरलेली, अस्तर वर, आणि त्यावर कोकमाची सोलं वाळत घातलेली. रस खाली गळत नाही म्हणून ती भलतीच खूश आहे. पुढच्या वेळी येताना अशा आणखी दोन आण, म्हणते.