सहा नंबरची मादी

बैलाच्या खुरांना पत्र्या मारायच्या असल्या की आमच्या गावात आधी त्याला दोर टाकून पाडतात, चारही पाय एकत्र बांधतात आणि एक जण मुंडकं धरून बसतो. आमच्या घरी ते काम काकांचं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात वन्यजीवशास्त्र शिकायला आले, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातलं ते अंगण इथे कामाला येईल असं मनातही नव्हतं. पण जानेवारीत पहिल्यांदा एल्क पकडायला जायचं होतं, त्याच्या आदल्या रात्री मी फोन केला तो काकांनाच. ते म्हणाले, "पयले डोयावर फडकं टाक, माय. मंग बाकीचं. डोये झाकले का जनावर निवते." दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पशुवैद्य डॉक्टरबाईंनी दिलेली पहिली सूचना हीच होती.

एल्क हे हरणाच्या कुळातलं, आपल्या सांबराहून मोठं जनावर. मादीच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. कोडी गावाजवळच्या शोशोनी नदीच्या खोऱ्यांत हिवाळा काढणारे कळप उन्हाळ्यात अब्सारोका डोंगररांग ओलांडून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात चढतात. त्यांच्या मागावर राहायची कारणं बरीच आहेत. यलोस्टोनच्या उत्तरेकडच्या कळपात १९९४ साली सुमारे १९ हजार एल्क मोजले गेले होते, २०१३मध्ये ते ४ हजारांच्याही खाली आले. १९९५मध्ये परत आणलेले लांडगे, अस्वलं, शिकार, दुष्काळ, यांपैकी कशाचा वाटा किती, यावर अजून वाद होतात. मला मात्र दुसरं कारण जास्त जवळचं वाटलं. ब्रुसेलोसिस. या रोगाने गाय गाभडते, हे आमच्याकडच्या कुठल्याही दूधवाल्याला माहीत असतं. अमेरिकेत हा रोग युरोपातून आलेल्या गुरांबरोबर आला, गुरांकडून एल्क आणि बायसनमध्ये गेला आणि आता मुख्यतः एल्ककडून परत गुरांत येतो. एल्क गाभडतात, आणि त्यातूनच रोग पसरतो, ते मुख्यतः फेब्रुवारी ते जून या काळात. त्या महिन्यांत कळप नेमके कोणाच्या कुरणात आहेत, एवढं कळलं तरी पशुपालकाला आपली गुरं वेळेवर दुसरीकडे हलवता येतात.

परवानग्यांत काही महिने गेले. विद्यापीठाच्या प्राणी-हित समितीने प्रत्येक कृतीचा हिशेब मागितला: जनावर किती वेळ बांधून ठेवणार, कुठल्या क्षणी सोडून देणार. तेव्हा मला तो कागदी जाच वाटला होता.

एल्क पकडायचे ते हिवाळ्यातच. कळप खालच्या उघड्या माळांवर उतरलेले असतात, बर्फामुळे पडण्याचा मार कमी बसतो आणि मुख्य म्हणजे हवा थंड असते. एवढं मोठं जनावर जीव घेऊन पळतं तेव्हा त्याचं अंग आतून तापतं, आणि पुढची सगळी भीती या तापण्याची. हेलिकॉप्टरमधून जाळ्याची बंदूक चालवतात. मादी जाळ्यात अडकून पडली की दोघं जण उडी मारून उतरतात, डोळ्यांवर पट्टी आणि पायांना बंद बांधतात. मग हेलिकॉप्टर आम्हाला घ्यायला टेकडीवर येतं. या पद्धतीत भुलीचं औषध नसतं. जनावर पूर्ण जागं असतं.

माझ्याकडे थर्मामीटर, घड्याळ आणि तक्ता. जनावराला छातीवर बसतं ठेवायचं, आडवं पडू द्यायचं नाही, नाहीतर पोट फुगतं आणि पोटातलं श्वासनळीत जाऊ शकतं. मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं. त्यावरून गाभण आहे का आणि ब्रुसेलोसिसचा संसर्ग होऊन गेलाय का, दोन्ही कळतं. पुठ्ठ्यावरची चरबी सोनोग्राफीने मोजायची, दात पाहून वयाचा अंदाज घ्यायचा, कानात बिल्ला, गळ्यात जीपीएस कॉलर. पट्टा आणि मान यांच्यात तळहात आडवा सरकला पाहिजे. घट्ट बसला तर मान सोलते, सैल राहिला तर पाय अडकतो. आम्ही स्वतःला पंधरा मिनिटं दिली होती. बोलणं जवळजवळ नाहीच, बोटांनी खुणा. हाताखाली तिचा श्वास लागायचा, आणि केसांना ओल्या गवताचा, गोठ्यासारखाच वास.

पहिल्या पाच माद्या ठरल्याप्रमाणे झाल्या. सहावी घळीत शिरली, खोल बर्फातून तिचा पाठलाग लांबला. आम्ही पोचलो तेव्हा ती तोंड उघडून धापत होती. थर्मामीटर म्हणाला ४१.२ सेल्सिअस. मी आकडा मोठ्याने सांगितला. डॉक्टरबाई तिच्या जांघेत आणि काखेत बर्फ भरायला लागल्या आणि म्हणाल्या, "फक्त कॉलर. रक्त नको, सोनोग्राफी नको. सोडा." माझ्या हातात सुईची नळी तयार होती. एकेका जनावरामागे केवढा खर्च आणि किती जणांची मेहनत असते, ते मला ठाऊक होतं. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर रक्त झालं असतं. मी नळी पेटीत ठेवली. बंद सुटले, शेवटी पट्टी निघाली. ती उठली, अडखळली, आणि घळीच्या कडेने चढून गेली. तिच्या ओळीतले नऊ रकाने कोरे राहिले.

त्या रात्री डॉक्टरबाईंनी समजावलं. अति धावपळीने स्नायू आतल्या आत फुटतात आणि त्यातून जनावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही मरतं. डोळ्यांसमोरून उठून गेलं म्हणजे वाचलं असं नाही. पुढचा महिनाभर मी रोज सकाळी चहाच्या आधी नकाशावर सहा नंबरच्या कॉलरचे ठिपके पाहत होते. दर दोन तासांनी एक. ठिपके हलत राहिले. परवानगीच्या अर्जात "कुठल्या क्षणी सोडून देणार" हा प्रश्न कशासाठी होता, ते मला त्या महिन्यात कळलं.

याच वायोमिंगमध्ये, जॅक्सनजवळ, १९७० साली मोनिक नावाच्या एका एल्कच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारी पहिली कॉलर बांधली होती. ती दहा किलोंहूनही जड होती! आमची एक किलोच्याही आत. आणि आमच्या पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरमधला वॉकर वाघ सुमारे तेराशे किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, हे २०१९मध्ये जगाला कळलं तेही गळ्यातल्या पट्ट्यामुळेच.

मे महिन्यात बर्फाची रेघ वर सरकू लागली तशी सहा नंबर तिच्या मागोमाग निघाली, कोवळं गवत जिथे नुकतं फुटतंय तिथे तिथे थांबत. जूनच्या सुरुवातीला ती खिंडीच्या अलीकडेच चार दिवस एका जागी घुटमळली. मादी अशी घुटमळते ती बहुधा पाडसाला जन्म देताना. ती गाभण होती की नाही, हे सांगणारं रक्त मात्र आम्ही घेतलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये संदेश आला: कॉलर हललेली नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा मृत्यू. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात मेलेल्या जनावराजवळ एकट्याने जात नाहीत. आम्ही चौघं, कमरेला अस्वलावर मारायचे मिरचीचे फवारे, घोड्यांवरून दीड दिवस चाललो. शेवटचा तासभर अँटेना हातात घेऊन पायी, मोठमोठ्याने बोलत. बीपचा आवाज वाढत गेला. मला सांगाडा दिसायची भीती वाटत होती आणि पाय मात्र भराभर पडत होते.

अस्पेनच्या झाडांखाली कॉलर पडलेली होती. आजूबाजूला हाड नाही, केसांचा पुंजका नाही, रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही. ठरलेल्या मुदतीनंतर पट्टा आपोआप सुटावा म्हणून त्यात एक जोड असतो, तो मुदतीच्या कित्येक महिने आधीच उघडला होता. पट्ट्याच्या आत तिचे काही तपकिरी केस चिकटले होते. मी ते पाकिटात घातले, त्यावर नंबर आणि तारीख लिहिली.

अशा जनावराला आमच्या तक्त्यात मृत लिहीत नाहीत. कॉलर सुटल्याच्या दिवसापर्यंत जिवंत, एवढंच धरतात. सहाव्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात मी तेवढंच लिहिलं. रात्री तंबूतून सिग्नल मिळाला तेव्हा काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग आता ते कोठी हाय?"

"माहीत नाही, काका," मी म्हणाले.