काम करतोस का?

आमच्या गावचे एक शेठजी दर 15 ऑगस्टला शाळेत वह्या वाटतात. दोनशे पानी, मागच्या पुठ्ठ्यावर दुकानाचं नाव. हे मी खवचटपणे सांगत नाही, कारण मी स्वतः त्याच वह्यांवर शिकलो. मागच्या महिन्यात मात्र त्यांच्याकडे भलत्याच कामासाठी पैसे मागायला गेलो. आमच्या बाजूच्या सहा गावांतली 14 ते 18 वयाची पोरंपोरी दिवसभर नेमकं काय करतात, हे घरोघर जाऊन विचारायचं होतं. खर्च 30 हजार. पेट्रोल, झेरॉक्स आणि विचारणाऱ्या चार पोरांचं मानधन.

शेठजींनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "एवढ्यात सातआठशे वह्या येतीन. अन् तू काय देशील? कागद."

खरं आहे. कागदच.

पण असल्या कागदाची ताकद मी पाहिलेली आहे. डी.एड.ला असताना 'असर'च्या पाहणीला गेलो होतो. मुलांना वाचता येतं का, हे घरोघर जाऊन तपासणारी ही पाहणी 'प्रथम' नावाची संस्था 2005 पासून करते. जिल्ह्यातली 30 गावं, एकेका गावात 20 घरं. ओट्यावर बसायचं, पोराच्या हातात कागद द्यायचा. अक्षरं, शब्द, परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका घरी पाचवीतला मुलगा परिच्छेदावरच अडकला. आई शेंगा फोडत बाजूला बसली होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "पण हा तं दरसाल पास व्हस!" तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. प्रगतिपुस्तकावर तर सगळं छान होतं.

नंतर काही वर्षांनी एका बाहेरच्या संस्थेच्या अभ्यासात काम मिळालं. हातात टॅब, त्यात प्रश्न, आणि पैसा कुठल्याशा मोठ्या फंडाचा. सतरावा की अठरावा प्रश्न होता, "तू काम करतोस का?" पर्याय दोन, होय आणि नाही. नोव्हेंबर महिना, कापसाची वेचणी ऐन भरात, आणि पोरं धडाधड 'नाही' सांगत होती. बोटांची नखं मात्र बोंडांनी ओरबाडलेली. तिसऱ्या दिवशी मी टॅब मांडीवर उलटा ठेवला आणि एकाला अहिराणीत विचारलं, काल सकाळपासून काय काय केलंस? "मायसंगे कापूस येचाले गयथू." मग शेळ्या. मग रात्री कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाठोडी चढवली. पण ते 'काम' नाही. काम म्हणजे नोकरी, पगार, सुरतला जाणं. घरच्या शेतातलं ते काम कसलं?

मी हे वर कळवलं. उत्तर आलं की प्रश्न आता बदलता येणार नाही. अहवाल निघाला असेल. आमच्या गावांत तो कधी आला नाही. मला त्याचाच जास्त राग आहे. पोरांनी आपला अर्धा अर्धा तास दिला आणि बदल्यात त्यांना एक बिस्किटपुडा मिळाला.

म्हणून तर दात्याने या दोन गोष्टींना पैसा द्यावा असं मला वाटतं: प्रश्न नीट घडवायला आणि उत्तर परत आणून द्यायला. याच दोन गोष्टींचा फोटो निघत नाही. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकामाला द्यायला लावणारा कायदा 2013 चा. पण आमच्याकडे तो पैसा बेंच, संगणक आणि दप्तरं होऊन येतो, कारण ती मोजता येतात.

अमेरिकेत विल्यम ग्रँट नावाचा एक दुकानदार होता. 1906 साली त्याने 25 सेंटात वस्तू विकणारं दुकान काढलं, पुढे त्याची साखळी झाली. 1936 मध्ये त्याने फाउंडेशन काढलं, आणि ते चक्क संशोधनाला पैसे देऊ लागलं. सुरुवातीच्या पैशातून हार्वर्डच्या 268 विद्यार्थ्यांचा अभ्यास 1938 मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालला. (सगळे मुलगे, सगळे हार्वर्डचे. आमच्या पोरांसारखा त्यात एकही नसणार.) दुकानांचं सत्तरच्या दशकात दिवाळं निघालं, फाउंडेशन चालूच आहे. आज ते 5 ते 25 वयाच्या मुलांमधली विषमता कशाने कमी होते यावर पैसा लावतं, आणि झालेलं संशोधन धोरण ठरवणारे लोक वापरतात की नाही, यावरसुद्धा.

हे शेठजींना सांगितलं. ग्रँटचं नाव ऐकून काही हललं नाही. मग मी अमळनेर काढलं. प्रताप शेठजी, गिरणीवाले. 1916 साली त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था. देशभरचे अभ्यासक तिथे येऊन राहत, त्यांना विद्यावेतन मिळे. साने गुरुजीही आधी तिथे आले, शिक्षक झाले ते नंतर प्रताप हायस्कुलात. कापसाच्या पैशावर माणसं बसून विचार करत होती, आपल्याच तालुक्यात!

"ते मोठे लोक," शेठजी म्हणाले. पण कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. "बरं, तुले विचारनंच आहे ना, तं याले विचार." दुकानात साखर मोजून पुड्या बांधणाऱ्या पोराकडे त्यांनी बोट केलं.

मी विचारलं, तू काम करतोस का रे?

त्याने सुतळी दातात धरली होती. ती काढून हसला. "काम कोठे करस मी दादा? आठे बठस फक्त."

"शिकतोस?"

"अकरावी. सायन्स."

शेठजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मंगळवार होता आणि साडेअकरा वाजले होते.