शार्क रंगवताना: पाठ गडद, पोट कोरं

शार्कचं चित्र मुलांच्या हाती देण्याआधी एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: पोटाला रंग लावायचा नाही. बारा खडूंच्या डबीतला पांढरा खडू पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, म्हणून पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागद. हे मुलाच्या लक्षात आलं की अर्धं काम झालं.

ग्रेट व्हाइट शार्कची पाठ राखाडी असते आणि पोट पांढरं. वरून पाहणाऱ्याला ती पाठ खालच्या काळोख्या पाण्यात मिसळलेली दिसते. खालून पाहणाऱ्याला पोट वरच्या उजेडात हरवतं. समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, पण आठवडी बाजारातली रोहू पाहिलेली असते. तिचीही पाठ काळपट आणि पोट चंदेरी-पांढरं असतं. कारणही तेच. बाजारात मासळी घेताना रोहू आडवी धरून दाखवा. मग शार्कची पाठ गडद का करायची, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रोहू ओळखीची असल्यामुळे तीन चुका मात्र हमखास होतात. पहिली, अंगभर खवले. शार्कच्या अंगावर असे मोठे खवले दिसत नाहीत. कातडीवर दातांसारखे बारीक कण असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर काचपेपरसारखी खरखरीत लागते. दुसरी चूक कल्ल्यांची. रोहूला कल्ल्यांवर एकच झाकण असतं. शार्कला झाकण नसतं, उघड्या फटी असतात, बहुतेक जातींत प्रत्येक बाजूला पाच, काही जातींत सहा किंवा सात. तिसरी चूक तोंडाची. मुलं तोंड नाकाच्या अगदी टोकाला काढतात, पण बहुतेक शार्कचं तोंड नाकाच्या मागे, खालच्या बाजूला असतं. व्हेल शार्क याला अपवाद, तिचं रुंद तोंड समोरच असतं.

इंटरनेटवरून छापायची पानं निवडतानाही हेच तपासून घ्या. शेपटी उभी असेल तर शार्क, आडवी असेल तर डॉल्फिनला शार्कचे दात लावलेले आहेत, असं समजा. अशी पानं खूप फिरतात.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पानभर एकच शार्क हवा. बाह्यरेषा दोन-तीन मिलिमीटर जाड आणि दात नसले तरी चालतील. दातांच्या बारीक त्रिकोणांत जाड खडू मावत नाही, मूल चिडतं आणि त्या जागेवर काळा रंग फासून मोकळं होतं. पहिली-दुसरीपासून कल्ल्यांच्या फटी, डोळा आणि पर द्यावेत. ठिपक्यांचा व्हेल शार्क किंवा पट्ट्यांचा टायगर शार्क तिसरीच्या पुढे.

झेरॉक्स काढताना मूळ पान जपून ठेवा आणि दर वेळी त्यावरूनच प्रत काढा. प्रतीची प्रत काढत गेलं की रेषा फुगतात आणि कागदभर काळे कण येतात. ए-फोर पानाचं ए-थ्री करायला १४१ टक्के सांगा. एका ए-फोरवर दोन चित्रं बसवायची तर ७१ टक्के. अंगणवाडीत पट जास्त आणि कागद कमी असेल तर दोन चित्रांचा मार्ग सोयीचा वाटतो, पण तो फक्त मोठ्या मुलांसाठी वापरा. लहानांना मोठं चित्रच द्यायला हवं.

झेरॉक्सचा साधा कागद ७०-७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो. त्यावर मेणखडू आणि रंगीत पेन्सिली छान चालतात. पाण्याचे रंग लावले की कागद लाटांसारखा वळतो आणि दोनदा ब्रश फिरला की त्याची साल निघते. पाण्याचे रंग लावायचे असतील तर चित्रकलेच्या वहीचं जाड पान घ्या, खिडकीच्या काचेवर मूळ पान ठेवून त्यावरून चित्र गिरवून घ्या. झेरॉक्सची काळी रेषा पाण्याने पसरत नाही, पण शाईच्या प्रिंटरवरची बहुतेक वेळा पसरते. कोपऱ्यात ओलं बोट लावून पाहिलं की लगेच कळतं.

नेट किंवा झेरॉक्स नसेल तर शार्क हातानेही काढता येतो. आडव्या ए-फोर कागदावर २२ सेंटिमीटरची फिकट रेघ ओढा. नाकापासून ८ सेंटिमीटरवर अंग सगळ्यात जाड, वर-खाली मिळून ५ सेंटिमीटर, मग शेपटीकडे निमुळतं. नाकापासून अडीच सेंटिमीटरवर डोळा, त्याच्या खाली तोंड. ५ ते ६.५ सेंटिमीटरच्या मध्ये पाच फटी, त्यांच्या लगेच मागे खाली उतरता छातीचा पर. ९ सेंटिमीटरवर पाठीचा मोठा पर सुरू होतो, त्याची उंची ३ सेंटिमीटर. १७ वर दुसरा अगदी छोटा पर. शेवटी चंद्रकोरीसारखी उभी शेपटी. मापं तंतोतंत पाळायची गरज नाही. फक्त छातीचा पर फटींच्या मागेच यायला हवा. तो पुढे सरकला की चित्र लगेच वेगळंच दिसायला लागतं.

रंगवायला बसताना कागदाखाली काय आहे ते बघा. सारवलेल्या जमिनीवर, चटईवर किंवा खडबडीत फरशीवर कागद ठेवून खडू फिरवला की खालचा खरखरीतपणा जसाच्या तसा कागदावर उमटतो. परीक्षेचा पॅड किंवा चार घड्यांचं वर्तमानपत्र खाली घ्या. पण हाच गुण मुद्दाम वापरताही येतो. पाठीच्या भागाखाली बारीक काचपेपर ठेवा आणि राखाडी खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा. शार्कच्या कातडीचे कण दिसायला लागतात, आणि मुलांना यात फार मजा येते.

आधी पेन्सिलने पाठ आणि पोट यांच्यामधली हद्द आखा. ती नाकाच्या टोकापासून निघते, डोळ्याच्या खालून, फटींच्या मधून शेपटीपर्यंत जाते. सरळ पट्टी लावू नका, थोडी नागमोडी ठेवा. डबीत राखाडी खडू नसेल तर आधी निळा अगदी हलका लावा, त्यावर काळा हलका. आधी काळा लावला की निळा खडू त्याच काळ्यात मळतो आणि पुढे सगळीकडे डाग पडतात. खडू अंगाच्या लांबीला धरून डोक्यापासून शेपटीकडे फिरवा, पाठीच्या कडेला दाबून आणि हद्दीकडे येताना हलका. हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरवायला शिकवा. पोट कोरंच ठेवा, फक्त अगदी खालच्या कडेला फिकट निळ्याची एक बारीक सावली पुरे. डोळा काळा, पण त्यात पांढरा ठिपका आधीच सोडून ठेवा. मेणखडूवर नंतर पांढरा रंग बसत नाही. तोंडाच्या आत फिकट गुलाबी. सगळं लाल केलं की दात दिसेनासे होतात.

गुलाबी किंवा जांभळा शार्क करू द्यावा का? आमच्या मते, जरूर करू द्यावा. रंग कुठलाही चालेल, फक्त पाठ गडद आणि पोट फिकट राहिलं पाहिजे. छटा उलटी झाली की शार्क उताणा पडल्यासारखा दिसतो.

व्हेल शार्क हा सगळ्यात समाधान देणारा प्रकार. ती माशांमधली सगळ्यात मोठी, १२ मीटरपर्यंत सहज वाढते; अंगणात तेवढी दोरी टाकून दाखवा. गुजरातच्या किनाऱ्याला ती येते आणि २००१ पासून तिला भारतात कायद्याचं संरक्षण आहे. पाठीवर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकीची नक्षी वेगळी, त्यामुळे मूल जसे ठिपके देईल तसे बरोबर. जाड कागदावर पांढऱ्या मेणखडूने किंवा मेणबत्तीच्या तुकड्याने ठिपके द्या, चांगले दाबून. मग निळा-राखाडी पाण्याचा रंग पातळ करून वरून एकदाच फिरवा. मेणावर पाणी थांबत नाही, ठिपके आपोआप पांढरे उमटतात. ते उमटले नाहीत तर बहुधा ही कारणं: मेण हलकं लागलं, किंवा रंग घट्ट होता. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवूनही ठिपके झाकले जातात.

आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचा रंग ब्रश पुढे जाईपर्यंतच वाळतो आणि रंगाच्या कडा डागासारख्या राहतात. आधी स्वच्छ पाण्याने तेवढा भाग ओला करून घ्या, मग रंग लावा, आणि हे काम सकाळी उरकून घ्या. पावसाळ्यात उलट, दमट कागदाची साल लवकर निघते. तान्ह्या पोळ्याला (मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला) नंदी रंगवून उरलेला ऑइल पेंट मुलं हमखास मागतात. तो कागदावर देऊ नका. तेल पसरून रंगाभोवती पिवळट वलय येतं आणि मागच्या बाजूनेही डाग उठतो.

समुद्र शेवटी रंगवा. वर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिकट आकाशी, खाली जाताना गडद निळा. असं केलं की गडद पाठीच्या मागे फिकट पाणी आणि पांढऱ्या पोटाखाली गडद पाणी येतं, आणि शार्क दोन्हीकडून उठून दिसतो. सगळीकडे एकच गडद निळा फासला तर पाठ पाण्यात बुडून जाते. पाण्याचे फटकारे आडवे घ्या, आणि शार्कच्या कडेला आधी एक बारीक निळी रेघ फिरवून मग बाहेरच्या बाजूला भरत जा.

तयार चित्रं एकावर एक ठेवायची तर मध्ये बटर पेपर घाला. उन्हाळ्यात मेण मऊ होऊन वरच्या कागदाच्या पाठीला चिकटतं. मेणखडूंची डबीही उन्हात राहू देऊ नका, माठाजवळच्या गार जागी ठेवा. स्केचपेनने रंगवलेली चित्रं खिडकीसमोर टांगू नका, उन्हाने त्यांचा रंग लवकर उडतो. आतल्या भिंतीवर लावा.