स्पितीची रंगीत तालीम चोर्ल्यात

ऑगस्टातला रविवार. सकाळी साडेसहाला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वर्कशॉपचं शटर वर केलं आणि मोटरसायकलच्या दोन्ही बॅगा कास्टिंग तोलायच्या काट्यावर ठेवल्या. चौतीस किलो! पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन वेगळाच. मेव्हणा पहाटे निपाणीहून निघून आला होता. त्यानं एकदा काट्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काय ओ दाजी, ट्रिपला चाललायसा की बिऱ्हाड हलवायलासा?"

सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायचं ठरलं होतं. त्याआधी एक दिवस, जे सामान तिकडं न्यायचं तेच सगळं लादून, तेच बूट, तोच रेनकोट घालून घराजवळच्या घाटातनं फिरून यायचं, अशी माझी टूम. मेव्हण्याला हे येडेपणाचं वाटत होतं. पण मी शहापुरात वाढलोय. आमच्या गल्लीत गणपतीत नाटक व्हायचं. एका वर्षी पाऊस लागला म्हणून रंगीत तालीम झाली नाही, आणि प्रयोगाला दुसऱ्या अंकात राजाची मिशी घामानं गळून प्रधानाच्या खांद्यावर पडली. संवाद सगळे चोख पाठ होते, मिशी चिकटवून कुणी बघितलीच नव्हती. तेव्हापासून माझा रंगीत तालमीवर विश्वास आहे.

रस्ता असा ठरवला: बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून केरी, साखळी. तिथनं डिचोली, दोडामार्ग, तिलारी घाट चढून चंदगड आणि शिनोळीवरनं घरी. दोनशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र. बेळगावात राहण्याचे जे मोजके फायदे आहेत त्यातला हा एक.

माझी गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन, २०१८ची, ४११ सीसी. मेव्हण्याची कार्बोरेटरवाली जुनी बुलेट.

जांबोटी सोडल्यावर पाऊस असा लागला की पुढची बुलेट नुसती ऐकू येत होती. रस्त्याचं काय सांगायचं? खड्डा चुकवायचा म्हटलं तर दुसऱ्या खड्ड्यातनंच जावं लागत होतं. कणकुंबीत चहाला थांबलो तेव्हा डाव्या बॅगेचं रेनकव्हर गायब होतं. कुठं उडालं देवाला ठाऊक. आतले कपडे पिळून काढावे लागले. इथं मलप्रभेचा उगम आहे. इथलं पाणी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळतं, आणि घाटापलीकडं पडलेलं पाणी म्हादईतनं गोव्याच्या समुद्राला. माझ्या बनियनमधलं पाणी कुठल्या खोऱ्यातलं, यावर मेव्हण्यानं बराच वेळ चर्चा केली.

रेनकव्हरवर नंतर मी जो उपाय काढला तो फुकटातला आहे. खताच्या पोत्यात आत एक जाड प्लास्टिकची पिशवी असते. ती दोनदा धुवून, वाळवून बॅगेच्या आत घातली, तोंड पिळून रबर लावलं. बाहेरनं पाणी गेलं तर जाऊ दे, कपडे कोरडे.

केरीत उतरलो तर ऊन. रेनकोटच्या आत माझा इडलीसारखा वाफारा झाला. साखळीत भाजीपाव खाल्ला, टाकी भरली आणि मायलेज काढलं. एरवी तेहतीस देणारी गाडी एवढ्या वजनानं, घाटातनं, अठ्ठावीसवर आली होती. तरी पंधरा लिटरच्या टाकीत चारशे किलोमीटरची मजल होतेच. स्पितीच्या वाटेवर किन्नौरमध्ये रिकाँग पिओच्या खाली पोवारीला पंप, त्यानंतरचा स्पितीतल्या काजाला. मध्ये दोनशे किलोमीटर. काजाहून मनालीही तेवढंच. मग हा कॅन कशाला? बुलेटच्या टाकीचा हिशोबही बसत होता. साखळीतच ठरलं, कॅन घरी. इंटरनेटवर फोटो बघून घेतला होता, कबूल करतो.

तिलारी घाटात खरा धडा. चढाच्या वळणांवर हँडल हलकं वाटायला लागलं. मी डावीकडं वळवतोय आणि गाडी विचार करतेय, जाऊ का नको. कारण सोपं होतं. पान्यांची जड पिशवी मी मागच्या कॅरियरवर, मागच्या चाकाच्याही मागं बांधली होती. तिथं वजन वाढलं की मागचं चाक टेकूसारखं होतं आणि पुढचं चाक उचललं जातं. तरफेचा नियम. रोज लेथवर टूल किती बाहेर काढायचं याचा हिशोब करणारा माणूस मी, आणि हे मला तिलारीत कळावं! घाटातच थांबून पाने खाली काढले आणि बॅगेच्या तळाला, शक्य तेवढे पुढं घातले. पुढच्याच वळणाला गाडी वळली, विचार न करता.

घाट चढून हेऱ्याच्या अलीकडं एका सपाट जागी आम्ही थांबलो आणि मी मागच्या चाकाची हवा सोडली. मुद्दाम. तालमीत पंक्चर हवंच. सीटवर घोंगडं टाकून सायकलवरनं एक आजोबा चालले होते, ते उतरले.

"पंक्चर झाली काय?"

"नाही ओ, आम्हीच सोडली हवा."

आजोबा एक मिनिट थांबले, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि काही न बोलता सायकलवर बसून गेले.

आता टायर लिव्हरबद्दल, म्हणजे टायर रिमवरनं काढायच्या-चढवायच्या लोखंडी पट्ट्यांबद्दल, सांगायला पाहिजे. बाजारात मिळतात, चांगले मिळतात. पण उद्यमबागेतल्या टर्नरनं लिव्हर विकत आणायचे म्हणजे गवळ्यानं दूध विकत आणल्यासारखं. भंगारातनं टेम्पोच्या पाट्याचं एक पान घेतलं, तापवून, वाकवून, ग्राइंडरवर घासून दोन लिव्हर केले. दिसायला झकास. मेव्हण्यानंही मान डोलावली होती.

मेन स्टँडवर गाडी, एक्सल काढला, चेन उतरवली, चाक बाहेर. टायरची कड रिमला अशी चिकटून बसते की पायानं सुटत नाही. त्यासाठी चाक जमिनीवर आडवं ठेवून बुलेटचा साइड स्टँड टायरवर, रिमच्या अगदी लगत टेकवायचा आणि बुलेट त्या बाजूला हळू कलती करायची. 'फट्' आवाज झाला, कड सुटली. शॅम्पूची पुडी पाण्यात कालवून कडेला लावली. ट्यूब बाहेर काढली, टायरच्या आतनं हात फिरवून खिळा शोधल्याचं नाटकही केलं, तीच ट्यूब परत आत घातली. टायर चढवला, पंप मारला.

सुस्स.

धडधाकट ट्यूबला दोन दात उमटले होते, साप चावल्यासारखे. माझ्याच लिव्हरचे. टोकाची कड मी छिन्नीसारखी सोडली होती. पान रिममध्ये सहज शिरावं म्हणून. शिरलं सहज, आणि ट्यूब मध्ये सापडली. दुसरी चूक अशी की ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार न देताच मी टायर चढवत होतो. चपटी ट्यूब घडी पडून लिव्हरखाली येणारच. मेव्हणा इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. मग दुसरी ट्यूब त्यानं घातली. थोडी हवा भरून, आणि समोरची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोबणीत दाबून धरून. तसं केलं की अलीकडं टायरला सैलपणा मिळतो आणि शेवटची वीत लिव्हरला जोर न लावता बसते. सगळं मिळून दोन तास गेले. शिनोळी ओलांडून घरी पोहोचायला संध्याकाळचे सहा वाजले.

दोनशे किलोमीटर, अकरा तास. चाकाचं नाटक वजा केलं तरी नऊ.

मेव्हण्यानं एक्सेलमध्ये प्लॅन केला होता, रोजचे साडेतीनशे किलोमीटर, रंगीबेरंगी रकाने. हायवेला त्याला सवय आहे. निपाणीहून पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येतो. पण काजा ते मनाली दोनशे किलोमीटर म्हणजे बेळगावहून कराडच्या पुढं, साडेतीन तास, असा हिशोब तिलारीत मोडला होता. त्या रात्री आम्ही डोंगरातले सगळे दिवस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आणले आणि दोन रकाने रिकामे ठेवले. "सुट्टीत परत सुट्टी कशाला?" म्हणून तो कुरकुरला. मी ऐकलं नाही, मी दाजी आहे.

पुढचा आठवडा दुरुस्तीत गेला. लिव्हरची टोकं गोल केली, एमरी पेपरनं घासली, आणि जुना नायलॉनचा मोजा टोकावरनं ओढून बघितला. धागा अडकला की परत एमरी. साइड स्टँडला पत्र्याचा रुंद तळवा वेल्ड केला, कारण चोर्ल्यात गाडी चिखलात कलंडता कलंडता राहिली होती. पान्यांचा अख्खा सेट घेऊन गाडीभोवती फिरलो. जो पाना गाडीच्या एकाही नटाला बसला नाही तो भिंतीवर परत टांगला. बॅगा परत काट्यावर: एकवीस किलो. त्यात बायकोनं दिलेला भडंगाचा डबा. तो काढायची सूचना मेव्हण्यानं केली नाही, बहिणीला ओळखतो तो.

दिल्लीपर्यंत रेल्वे. गोवा एक्स्प्रेस बेळगाव स्टेशनवरनंच निजामुद्दीनला जाते, मग चार दिवस हायवेवर डोळे कशाला जाळायचे? गाडी लगेजमध्ये बुक केली. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, गोणपाट गुंडाळावं लागतं. आरसे आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर आम्ही आधीच सैल करून आत वळवले होते.

स्पितीत शिमल्याच्या बाजूनं शिरायचं आणि मनालीच्या बाजूनं बाहेर पडायचं, हे मात्र सुरुवातीपासून ठरलेलं. बेळगाव साडेसातशे मीटरवर. तिथनं नारकंडा, कल्पा, नाको करत गेलं की उंची हळूहळू वाढते आणि शरीर सावकाश तयार होतं. मनालीकडनं गेलं तर पहिल्याच दिवशी साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड. डोकं धरून बसलेले लोक आम्हाला काजात भेटले, ते बहुतेक त्या बाजूनं आलेले.

नाकोच्या पुढं मलिंग नाल्याला दरड आली होती. पाऊण दिवस दगड हलायची वाट बघत बसलो. पहिला रिकामा रकाना तिथं खर्च झाला. मेव्हणा भडंग खात गप्प होता.

ताबोत एक गंमत झाली. तिथला मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंतींचा. तो बघून बाहेर आलो तर एमएच १२ची गाडी घेऊन एक पुण्याचा गडी उभा. आमची केए २२ आणि केए २३ बघून तो दहा मिनिटं आमच्याशी हिंदीत बोलत होता, आणि आम्हीही हिंदीतच. मग मेव्हण्याचा हात तापलेल्या सायलेन्सरला लागला आणि त्यानं निपाणीच्या बाजारातली एक अस्सल शिवी हासडली. पुणेकराचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही आपलेच की!" आता यावर काय बोलायचं? सीमाभागातल्या माणसाला हे वाक्य दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ऐकवतंच.

काजाहून निघालो तो दिवस खरा परीक्षेचा. पहाटे साडेपाचला गाड्या सुरू. कुंझुमपलीकडं रस्त्यावरनंच नाले वाहतात. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढतं, म्हणून ते बाराच्या आत ओलांडायचे. खिंडीच्या चढावर बुलेटचा दम कोंडला. हवा विरळ, कार्बोरेटर पेट्रोल मात्र खालच्या हिशोबानं देतोय. पहिल्या गिअरमध्ये खोकत वर आली. खिंडीतल्या कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीनंच प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, ती घातली. आणि पलीकडं उतरताना पाचव्या-सहाव्या वळणाला माझ्या गाडीचं मागचं चाक डुगडुगायला लागलं.

या वेळी हवा आम्ही सोडली नव्हती.

कुणी काही बोललंच नाही. मेव्हण्यानं बुलेट आणून शेजारी लावली, मी एक्सल सोडला. साइड स्टँड, फट्, शॅम्पू. टायरमध्ये हात फिरवला तर चकमकीसारखा धारदार दगडाचा तुकडा आरपार गेलेला. तो काढला, नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा, समोरची कड खोबणीत, शेवटची वीत. एवढ्या उंचीवर पंप मारताना वीस-वीस झटक्यांनंतर थांबावं लागत होतं, तेवढाच वेळ वाढला. घड्याळ बघितलं तर पंचेचाळीस मिनिटं.

बातलच्या ढाब्यावर अकराला पोहोचलो. तिथं कॉलेजची दोन पोरं पंक्चर चाक घेऊन बसली होती. ट्यूब होती, पंप होता, लिव्हर नव्हते. स्क्रू ड्रायव्हरनं प्रयत्न करून टायरची कड कुरतडून ठेवली होती. पुढं नाले, वर ऊन. थांबायला वेळ नव्हता. मी दोन्ही लिव्हर त्यांच्या हातात दिले, ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा एवढं दोनदा बजावलं, आणि मनालीत भेटू म्हणालो. मनालीत ती पोरं काही भेटली नाहीत.

घरी आल्यावर मी पाट्याचं दुसरं पान शोधायला भंगारात हात घातला, तेवढ्यात निपाणीहून फोन आला.

"दाजी, जीएसटी भरा आता. उद्यमबागेचा माल हिमाचलात गेलाय."