इंदूर ते ओंकारेश्वर: ऐंशी किलोमीटर स्वस्तात, शेवटचा फर्लांग महाग

आधी एकच सांगतो: नावेत बसू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल.

आत्या नाशिकहून आली होती. त्र्यंबकेश्वर तिच्या घराजवळचं, त्यामुळे आमचं ज्योतिर्लिंग तिला दाखवायची मला भारी हौस. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आषाढ वद्य चालू, श्रावणाला अजून आठवडा. म्हटलं, सोमवार असला तरी मोकळं मिळेल. तीस वर्षं इंदुरात काढून ही चूक केली, कुणाला सांगू नका. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्यांचा पौर्णिमेला. आपला आषाढाचा वद्य पक्ष म्हणजे त्यांचा सावन! गुरुपौर्णिमा उलटली की दुसऱ्या दिवसापासून कावडवाले रस्त्यावर. मराठी कॅलेंडर बघून बेत आखणाऱ्यांनी पंधरा दिवस मागे मोजावं, मग निघावं.

आता जायचं कसं. आत्याच्या डोक्यात अजून छोटी गाडी, म्हणजे जुनी मीटरगेज रेल्वे. पातालपाणी, कालाकुंड, पळसाच्या पानावरचा कलाकंद, हे सगळं तिने चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेलं. ती गाडी २०२३ पासून बंद आहे, ब्रॉडगेजचं काम चालू आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने, ही लाइन करून घेतली होती. तिची आज ही दशा. पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी धावते ती सहलीची, ती तुम्हाला ओंकारेश्वरला नेणार नाही. आणि जुनी गाडी असती तरी ‘ओंकारेश्वर रोड’ हे स्टेशन मोरटक्क्याला आहे, तिथून देऊळ बारा किलोमीटर. नावावर जाऊ नका.

म्हणजे उरला रस्ता. स्वतःची गाडी की बस? बस. सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो, आणि घाटात एक ट्रक आडवा झाला की तुमच्या एसीचा काही उपयोग नाही. आम्ही साडेपाचला सरवटे स्टँडवरून निघालो आणि घाटात दीड तास एका जागी होतो. पुढे कावडवाले, मागे सिमेंटचा बल्कर. पण बसमध्ये मी झोपलो. शेजारच्या गाडीतला गृहस्थ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. भर सावनात गाडी नेलीत तर ती नदीच्या घाटापासून लांबच लावावी लागते, म्हणजे चालणं चुकत नाहीच. महू, धामनोद, महेश्वर, बडवाह असा वळसा कुणी सुचवेल. महेश्वर बघायचंच असेल तर जरूर जा, वेळ वाचवायला नको.

बसमध्ये चढण्याआधी कंडक्टरला एकच विचारा: मोरटक्का की मांधाता, म्हणजे खुद्द ओंकारेश्वर? आमच्या कंडक्टरने ‘डायरेक्ट है, डायरेक्ट’ म्हणून बसवलं आणि मोरटक्क्याला उतरवून दिलं. गाडी खंडव्याची होती. तिथून टमटममध्ये तेरा माणसं, आत्याच्या मांडीवर कुणाचं तरी पोतं.

एक भूगोल डोक्यात पक्का ठेवा, म्हणजे पुढे कुणी गंडवणार नाही. इंदूर नर्मदेच्या उत्तरेला. मोरटक्क्याच्या पुलावरून तुम्ही दक्षिण तीरावर येता. ममलेश्वर, इथलं दुसरं मोठं देऊळ, याच तीरावर आहे. ओंकारेश्वर समोरच्या मांधाता बेटावर, मध्ये नर्मदेचा प्रवाह. बेटाच्या पलीकडच्या धारेला कावेरी म्हणतात. बेटावर जायला पायी पूल दोन, एक जुना आणि एक झुला पूल. दोन्ही फुकट.

हे मला माहीत होतं, तरी फसलो. सहा तासांच्या प्रवासाने डोकं बधिर झालेलं, ऊन-पावसाचा घाम, आत्याचे गुडघे. घाटाच्या वाटेवर एक जण आडवा आला. ‘बाबूजी, पुल तो बंद कर दिया आज. माताजी को दबवाओगे क्या भीड़ में?’ माताजी म्हटल्यावर मी विरघळलो. तीनशे रुपये सवारी. घाटावर उतरलो तर दुसरे कुणी येईनात, म्हणून ‘पूरी नाव का लगेगा’. ते कबूल केलं. खाली ओल्या सतरंजीचा तुकडा, वर नारिंगी जॅकेट, त्याचं बक्कल तुटलेलं, नाडी हातात धरून बसायचं. पोलीस दिसला की छातीशी आवळायची, एवढाच त्याचा उपयोग. मध्यधारेत मोटर बंद करून त्याने सांगितलं, हे एका बाजूचे झाले. दर्शनाची ‘सेटिंग’ वेगळी. मी सेटिंगला नाही म्हटलं, परतीचे मात्र दिले. एकूण चौदाशे.

आणि उतरवलं कुठे, तर शेवाळलेल्या पायऱ्यांच्या तळाशी. वर चढताना आत्याला दोनदा बसवावं लागलं. ज्या गुडघ्यांसाठी नाव केली, त्यांची वाट तिथेच लागली.

दर्शनाला रांग होती, सावनात असणारच, साडेतीन तास. बाहेर आलो तेव्हा ठरलेल्या जागी नाव नव्हती. धरणाचा भोंगा झाला होता, पाणी सोडणार म्हणून सगळ्या नावा काठाला. (वर डोळ्यांसमोर ५२० मेगावॅटचं धरण आहे, भोंगा वाजला की घाटावरून उठायचं, सेल्फी नंतर.) मग झुला पुलावरून आलो. पूल बंद नव्हता. सकाळीही नव्हता, बांगडीवाल्या बाईने सांगितलं. मी घड्याळ लावलं: आत्याच्या चालीने, दोनदा थांबून, सात मिनिटं. आत्या पोस्टात नोकरीला होती, हिशोबाला पक्की. म्हणाली, ‘चौदाशे भागिले सात. मिनिटाला दोनशे पडले रे तुला.’

तेव्हा निकाल असा: जाताना जुना पूल, बाजारातून, येताना झुला पूल. ज्यांना पायऱ्या अजिबातच चढवत नाहीत त्यांनी ममलेश्वराचं दर्शन घेऊन समाधान मानावं. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ‘ओंकारममलेश्वरम्’ दोन्ही एकत्रच आहेत, कमीपणा काही नाही. नाव हवीच असेल तर परत निघताना, पोट भरलेलं असताना, दोन्ही बाजूंचं भाडं बसण्याआधी ठरवून करा.

मुक्कामाला शेगाव संस्थानाचं भक्तनिवास आहे, आपल्या लोकांना जेवणाखाण्याची सोय होते. मंगळवारी पहाटे मी एकट्याने बेटाची परिक्रमा केली, सात किलोमीटर, वर शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा. छान झाली.

जोराचा पाऊस असेल तर मात्र निघूच नका. नर्मदा चढली की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद होतो, २०२३ च्या सप्टेंबरात झाला होता, आणि मग इंदूरला परतायला सरळ रस्ता उरत नाही.

परतीच्या बसमध्ये आत्याने नाशिकला फोन लावला. देवळाचं दोन वाक्यांत उरकलं. मग म्हणाली, ‘अगं, आणि भर नर्मदेतून नावेने गेलो! काय सांगू तुला. तुम्ही याल तेव्हा नावच करा.’