खालच्या कोपऱ्यातला आकडा

थंडी सुरू झाली की आमच्या घरात सकाळी कुणी कुणाला झोप झाली का विचारत नाही. "खाली किती?" एवढंच विचारतात. खाली म्हणजे बागेच्या उताराला, अगदी शेवटच्या कोपऱ्यात. तिथे एका खांबावर थर्मामीटर टांगलेला आहे. रात्रीत पारा कुठवर उतरला ते बघून यायचं काम ज्याला आधी जाग येईल त्याचं. त्यामुळे जाग आली तरी डोळे मिटून पांघरुणात निपचित पडून राहायची कला मी आणि दादाने फार लवकर आत्मसात केली. शेवटी अण्णाच कानटोपी चढवून, बॅटरी घेऊन निघायचे.

हा थर्मामीटर साधा नाही. यू आकाराची काचेची नळी, तळाला पारा, आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर एकेक बारीकशी पोलादी काडी. पारा काडीला पुढे ढकलत नेतो आणि मागे फिरताना तिला तिथेच सोडून येतो. रात्री सगळे झोपलेले असताना थंडी कुठवर येऊन गेली, त्याची ही खूण. जेम्स सिक्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७८०च्या सुमारास ही युक्ती काढली. पुढे त्याने वेगवेगळ्या उंचीवर थर्मामीटर टांगले, तेव्हा निरभ्र रात्री उंचावरच्यापेक्षा जमिनीलगतची हवा जास्त गार असते असं त्याला आढळलं. आमच्या आजीला हे आधीपासून ठाऊक होतं, पण तिच्याकडे नळी नव्हती, गुडघे होते.

किमान बाजूचा आकडा वाचायचा म्हणजे एक गोम आहे. त्या बाजूची पट्टी उलटी, शून्य वरच्या अंगाला. आणि वाचायचं काडीचं खालचं टोक. मी एकदा वरचं टोक वाचलं आणि धावत येऊन "दीड!" म्हणून ओरडले. घरात असा काही हलकल्लोळ माजला की विचारू नका. अण्णा एका पायात चप्पल घालून बागेत, आई त्यांच्या मागे दुसरी चप्पल घेऊन. खरा आकडा साडेचार होता. त्यानंतर दोन हिवाळे माझ्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मी मनातून खूश होते, कारण मला पाठवणंच बंद झालं.

दुसरी गोम लोहचुंबकाची. आकडा वाचून झाला की चुंबक काचेवरून फिरवून काडी पुन्हा पाऱ्याला टेकवायची. हे राहिलं तर कालचीच थंडी आज पुन्हा वाचली जाते. चुंबक पेन्सिलीच्या तुकड्याएवढा, आणि तो हरवण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. तो अण्णांच्या स्वेटरच्या खिशात सापडतो, छाटणीच्या कात्रीला, म्हणजे सिकेटरला, चिकटलेला सापडतो, एकदा तर सुयांच्या डबीत सापडला, सगळ्या सुया अंगावर घेऊन.

थंडी पाण्यासारखी वाहते हे पुस्तकात वाचण्याआधी मी पायांनी शिकले. पहाटे घरापासून खाली चालत गेलं की एका ठिकाणी, साधारण लिंबाची रोपं सुरू होतात तिथे, घोट्यांना गारठा लागतो, जणू ओढ्यात पाय घातला. गार हवा जड, ती उताराने घरंगळत येते आणि खळग्यात साचते. वाटेत दाट कुंपण आलं की त्याच्याआड तुंबते. आमचं कुंपण नेमकं खालच्या अंगाला, चांगलं दाट, अण्णांनी हौसेने वाढवलेलं. ते तोडून थंडीला वाट करून द्यायला हवी, हे त्यांच्या गळी उतरवायला दादाला तीन वर्षं लागली. वाट केली. त्या वाटेने थंडी बाहेर गेली आणि शेळ्या आत आल्या. आता तिथे जाळी आहे. हवा जाते, शेळी जात नाही.

वरच्या तुकड्यात मात्र उलटा कारभार. तिथली पीच आणि आलूबुखारची झाडं पानं टाकून खराट्यासारखी उभी असतात आणि त्यांना थंडी हवीच असते. शून्य ते सात अंशांमधले तास त्यांच्या हिशेबात जमा होतात. जातीप्रमाणे शेकड्यांनी तास भरल्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. म्हणजे एकाच रात्रीबद्दल वर "बरी पडली" म्हणायचं आणि खाली येऊन कपाळाला हात लावायचा. अण्णा दोन्ही मनापासून करतात.

खालची रोपं झाकायचं काम आजीचं. तिच्याकडे विरलेल्या चादरींचा गठ्ठा आहे. संध्याकाळी ती रोपांभोवती काड्या रोवून त्यावर त्या ताणून बसवते. कापड पानाला टेकू द्यायचं नाही, हा तिचा कायदा. दादा शेतकी शिकून आला तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात हसला होता. "आजी, आरपार दिसतंय की यातून! याने काय थंडी अडणार?" गंमत म्हणजे विल्यम वेल्स नावाचा डॉक्टरही माळ्यांच्या अशाच चटयांना हसत असे. मग त्याने गवतात चार काटक्या रोवल्या, त्यावर एक झिरझिरीत रुमाल ताणला, आणि रुमालाखालचं गवत उघड्या गवतापेक्षा ऊबदार निघालं. जमिनीची ऊब रात्री उघड्या आभाळाकडे निघून जाते आणि पातळ कापडसुद्धा ती अडवतं, हे त्याने १८१४ साली दवावरच्या निबंधात लिहून ठेवलं, आपल्या हसण्याच्या कबुलीसकट. दादाने कबुली वगैरे दिली नाही. तो आता मुकाट्याने काड्या रोवतो.

शेकोट्यांचं मात्र मला पटलेलं नाही. पहाटे चारला अण्णा बांधाच्या कडेने ओला पाला पेटवून धूर करतात. धुराने जमिनीची ऊब फारशी अडत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि तोही एका मोठ्या जाळापेक्षा ठिकठिकाणच्या लहान जाळांचा जास्त. त्यापेक्षा आदल्या दिवशी पाणी दिलेलं बरं, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. हे अण्णांना माहीत आहे. ते पाणीही देतात. पण चार वाजता, उजाडायला अवकाश असताना आणि थंडीचा खरा कडाका सूर्य उगवायच्या सुमारालाच येणार असताना, माणसाने नुसतं बसायचं तरी कसं?

बाधलेलं झाड पहाटे कळत नाही, हे सगळ्यात वाईट. पानं शहाण्यासारखी उभी असतात. ऊन चढलं की ती उकडल्यासारखी लिबलिबीत होतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. वरच्या झाडांवर कळ्या फुगल्या असल्या तर आई ब्लेडने एखादी उभी चिरते. आत हिरवट असेल तर ती काहीच बोलत नाही. तपकिरी ठिपका दिसला तर दुसरी चिरते. मग तिसरी. आईने किती कळ्या चिरल्या, त्यावरून आम्हाला समजतं.

या सगळ्यामुळे चांदण्यांशी आमचं वाकडं आहे. पाहुणे आले की अंगणात उभे राहून म्हणतात, काय सुरेख आभाळ आहे, एकही ढग नाही! आम्ही हो हो म्हणतो आणि एकमेकांकडे बघतो. वारा पडलेला, आभाळ लख्ख, तारे हाताला लागतील असे, म्हणजे त्या रात्री झोप नाही.

परवा तशीच रात्र होती. अण्णा दोनदा खाली जाऊन आले. मी आतल्या खोलीत, पांघरुणात, जुन्या सवयीने डोळे मिटून. तीनच्या सुमारास पलीकडच्या खाटेवरून आजी म्हणाली, "झोपलीस का गं?" मी गप्प. "ढग आलेत," ती म्हणाली. खोलीला एकच खिडकी आणि ती बंद होती. मी उठून बाहेर गेले. पश्चिमेकडचे निम्मे तारे नाहीसे झाले होते आणि खालच्या कोपऱ्यातून अण्णांची बॅटरी संथपणे वर येत होती.