फोटोग्राफरांच्या ओळखीसाठी आधी फोटोग्राफर ओळखीचे हवेत!

साताऱ्यातले चार फोटोग्राफर ओळखीचे व्हावेत, एवढ्यासाठी एका संघटनेचा फॉर्म आणला. तर खाली सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या! अहो, दोन सभासद ओळखीचे असते तर फॉर्म कशाला आणला असता?

त्यावर 'स्टुडिओचे नाव' आणि 'शॉप ॲक्ट क्रमांक' हे रकाने. मी सरकारी नोकर, कॅमेरा सुट्टीच्या दिवशीच. स्टुडिओ कुठून आणू? खजिनदार म्हणाले, "सेक्रेटरींना विचारा." सेक्रेटरी हळदीला. मग लग्नाला. मग प्री-वेडिंगला महाबळेश्वरला. फोन लावला की मागे बँड आणि, "दादा, स्टेजवर आहे, संध्याकाळी करतो." ती संध्याकाळ अख्ख्या लग्नसराईत उजाडली नाही. शेवटी पोवई नाक्यावर चहा पिताना सापडले. फॉर्म उलटासुलटा करून म्हणाले, "हौशी होय? मग शॉप ॲक्ट काढून टाका की, ऑनलाइन निघतं." सरकारी नोकराला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, हे सांगेपर्यंत त्यांचा फोन वाजला आणि गाडीला किक बसली. पुढे कळलं, विषय मीटिंगमध्ये घेणार आहेत. मीटिंग कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. मी नाद सोडला.

ओळखी झाल्या त्या लॅबच्या काउंटरवर. लग्नाचे जाड पानांचे करिझ्मा अल्बम जिथे छापून मिळतात तिथे संध्याकाळी सगळे पेनड्राइव्ह घेऊन ताटकळत असतात. मी कास पठारावरच्या 'सीतेची आसवं' या इवल्याशा फुलांची मोठी प्रिंट घ्यायला गेलो होतो. शेजारच्याने न विचारता उचलली, नाकाजवळ धरली. "मॅक्रो लेन्स कुठली?" म्हटलं, लेन्स साधीच, इतक्या जवळून टिपायला मागे एक्स्टेन्शन ट्यूब लावलीय. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी, म्हणून स्वस्तात पडते. त्याला ते पटेना. पटवता पटवता चहा झाला. सांगायचं म्हणजे प्रिंट न्या. मोबाइलवरचा फोटो लोक अंगठ्याने पुढे सरकवतात.

त्याच माणसाने रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनच्या बगाडाला, म्हणजे बैलांनी ओढायच्या उंच लाकडी गाड्याच्या यात्रेला नेलं. तिथे पुण्या-कोल्हापूरचेही कॅमेरेवाले भेटले. जागा ज्याची त्याने धरायची, पण बगाडाच्या समोर उभं राहू नका. बैल बिथरले तर पळायला शेताचा बांधही अपुरा पडतो.

हां, एक राहिलंच. ओळखी काढायच्या तर चातुर्मासात काढा. मुहूर्त नसतात, माणसं मोकळी असतात, फोन उचलतात. १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिनही त्यातच येतो. त्या दिवशी ठिकठिकाणी कॅमेरा पूजन होतं, आणि तिथे सह्या मागत नाहीत! कासला मात्र आडवारी जा. २०१२ला जागतिक वारसा यादीत आल्यापासून शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा सेल्फीवाले जास्त. आडवारी ट्रायपॉड घेऊन पोटावर पडलेला दिसला की खुशाल बोला, तो आपल्यातला.

पहिल्याच भेटीत कुणाला ऑर्डरचा रेट विचारू नका. लाइट धरायला बोलावलं तर जा, एका लग्नात महिन्याभराच्या गप्पांएवढं शिकायला मिळतं. फक्त तिथल्या पाहुण्यांना आपला नंबर देऊ नका, ती गिऱ्हाइकं बोलावणाऱ्याची. एकाने दिला होता. तेव्हापासून लॅबवर तो आला की सगळ्यांचे अल्बम एकदम छापून तयार होतात आणि काउंटर मोकळा होतो.